खाटेला विमा, गोळीला नाही : वाळूजमधील एका कामगार कुटुंबाचे प्रकरण

पगार १,३०० रुपयांनी वाढला आणि त्यामुळे घरातल्या आजारी माणसाचे औषध तुटले, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते सहसा पटत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी २०२३-२४ मध्ये मात्र तसेच घडले. कामगारांच्या विम्याची आणि भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे मार्गी लावून देण्याच्या कामामुळे हे प्रकरण माझ्याकडे आले, तेव्हा त्यात नाकारलेला एक दावा एवढेच दिसत होते. कागद चाळत गेल्यावर लक्षात आले की दावा हा या गोष्टीचा सर्वांत छोटा भाग आहे. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून नावे, कंपनी, खासगी रुग्णालय आणि विमा कंपनी यांचा उल्लेख टाळला आहे व घरगुती तपशील थोडे बदलले आहेत.

कुटुंब आणि आजार

गृहस्थ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहेत. रांजणगाव शेणपुंजीत दोन खोल्या भाड्याने घेऊन ते, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले राहतात. गावाकडे, अंबड तालुक्यात, चार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तिच्यावर आईवडील आहेत. पत्नी घरीच शिलाईयंत्रावर ब्लाऊज आणि पिको-फॉलची कामे करतात.

आजार पत्नींना आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माहेरी पाठोपाठ दोन मृत्यू झाल्यानंतर, २०२१ च्या पावसाळ्यात, त्यांना रात्री अचानक धडधड होणे, हातपाय गार पडणे, छातीत भरून येणे आणि आता आपण मरणार अशी खात्री वाटणे, हा त्रास सुरू झाला. आधी हृदयाचा आलेख झाला, मग थायरॉइडची तपासणी झाली, सासूबाईंच्या आग्रहावरून एका जाणत्याकडेही नेऊन झाले. शेवटी ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, दवाखान्यातून त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले आणि पॅनिकच्या झटक्यांसह चिंताविकार असल्याचे निदान झाले. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमची रोज एक गोळी आणि सुरुवातीच्या काळापुरती रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, असा उपचार ठरला. एस्सिटालोप्रामचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर रुग्णाला झोप मिळावी आणि झटके आवरावेत यासाठी क्लोनाझेपामचा आधार दिला जातो, पण त्याची सवय लागू शकत असल्याने ते लवकर कमी करत आणायचे असते. तसेच केले गेले. २०२२ च्या दिवाळीपर्यंत बाईंचे झटके थांबले होते, क्लोनाझेपाम ०.२५ वर आले होते आणि शिलाईचे काम पुन्हा सुरू झाले होते.

या सव्वा वर्षात औषधासाठी कुटुंबाच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही. पगार २०,६०० रुपये असताना ईएसआयपोटी कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १५५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ६७० रुपये दरमहा जमा होत. तेवढ्या रकमेवर स्वतः कामगार, पत्नी आणि मुले यांची बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, गरज पडल्यास रुग्णालय, असे सगळे मिळे. बाजारात आरोग्यविमा म्हणून जे विकले जाते त्यात आणि ईएसआयमध्ये इथेच फरक पडतो. ईएसआयला रुग्ण झोपलेला असावा लागत नाही, चालत आलेल्या रुग्णालाही औषध मिळते. चिंताविकाराचा रुग्ण जवळजवळ नेहमी चालतच येतो.

पगारवाढ

जून २०२३ पासून पगार २१,९०० रुपये झाला. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. १ जानेवारी २०१७ रोजी ती १५,००० वरून वाढवून तेवढी करण्यात आली आणि त्यानंतर या प्रकरणाच्या काळापर्यंत ती हलली नव्हती. महागाईने पगाराचे आकडे वर सरकत राहिले, कामगाराची ऐपत मात्र होती तेवढीच राहिली. दरवर्षी काही घरे अशी या रेषेपलीकडे ढकलली जातात आणि कागदोपत्री ती सुस्थितीत गेलेली दिसतात. माझ्या मते या प्रकरणातील खरा दोष इथे आहे. त्यासाठी कोणाला पत्र लिहायचे हे मात्र कामगाराला कोणीच सांगत नाही, कारण इथे कोणीही नियम मोडलेला नसतो.

मर्यादा ओलांडली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून ईएसआय बंद होते असे नाही. वर्गणीचे वर्षातून दोन कालखंड असतात. एप्रिल ते सप्टेंबर हा एक आणि ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. कालखंडाच्या मध्येच पगार मर्यादेपलीकडे गेला तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. आणि त्या वर्गणीचा लाभ लगेच नव्हे, तर पुढच्या ठरलेल्या सहामाहीत मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर या वर्गणीचा लाभकाळ पुढच्या वर्षीचा जानेवारी ते जून असतो. वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की पुरते. याचा या घरापुरता अर्थ असा की सप्टेंबर २०२३ नंतर पगारातून कपात थांबली, तरी ३० जून २०२४ पर्यंत बाईंना ईएसआयकडून औषध मिळण्याचा हक्क शाबूत होता.

हे त्यांना ठाऊक नव्हते. ऑक्टोबरच्या पगारपत्रकात ईएसआयचा रकाना रिकामा दिसला, सोबतच्या कामगारांनी 'आता आपलं ईएसआय कटलं' असे सांगितले आणि कुटुंबाने दवाखान्याची वाट सोडली. कारखान्याच्या कार्यालयाने ईएसआयबाहेर पडलेल्या सर्वांना समूह आरोग्यविम्यात घातले होते. कुटुंबाला वर्षाला ३ लाख रुपयांचे संरक्षण, आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ नाही, अशी ही चांगली पॉलिसी होती. कार्ड हातात देताना 'ईएसआयपेक्षा भारी' असे सांगण्यात आले, आणि मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार केला तर ते अगदीच खोटे नव्हते. फक्त त्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचार नव्हते. किमान २४ तास रुग्णालयात दाखल राहिल्याचा खर्च, दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस, एवढेच तिचे क्षेत्र होते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आरोग्य पॉलिसींची घडण अशीच असते.

बाजारातली गोळी

ऑक्टोबर २०२३ मध्ये बाई एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. जुनी कागदपत्रे बरोबर नेलेली नव्हती. डॉक्टरांनी चालू त्रास ऐकून एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकत्र असलेली एका नामांकित ब्रँडची गोळी लिहून दिली. रोज एकच गोळी, विसरायची भीती नाही, या सोयीमुळे अशा संयुक्त गोळ्या भरपूर लिहिल्या जातात. १० गोळ्यांच्या पट्टीची किंमत १४८ रुपये होती. महिन्याला तीन पट्ट्या म्हणजे ४४४ रुपये, तपासणीचे ५०० रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च, असे मिळून महिन्याला हजाराच्या आसपास जाऊ लागले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा अशा आजारात घरांना उपचार आणि प्रवास यांवर दरमहा साधारण १,००० ते १,५०० रुपये खर्चावे लागतात असे आढळले होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, तरी आकडा या घराला नेमका लागू पडतो.

या संयुक्त गोळीपाशी थोडे थांबायला हवे, कारण परवडण्याचा प्रश्न पुष्कळदा विम्यात नव्हे, चिठ्ठीतच सुटतो किंवा अडतो. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन्ही औषधे स्वतंत्रपणे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहेत. सूचीतील औषधाला २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत ठरवून दिली जाते. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून, त्यावर दुकानदाराचा १६ टक्के नफा धरून, राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ती जाहीर करते आणि त्यापेक्षा जास्त दराने कोणी विकू शकत नाही. पण तीच दोन औषधे एका गोळीत आली की ती संयुक्त गोळी सूचीत नसते आणि सूचीतली कमाल किंमत तिला लागत नाही. १२ महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढ करायची नाही, एवढेच बंधन अशा औषधांवर सहसा असते. दोन नियंत्रित औषधे एकत्र केली की त्यांचे मिश्रण नियंत्रणाच्या बाहेर पडते, ही गोष्ट मेडिकलच्या काउंटरवर पट्टी हातात घेणाऱ्याला कधीच दिसत नाही.

वैद्यकीय बाजूनेही या गोळीची अडचण होती. क्लोनाझेपाम ०.२५ पर्यंत खाली आणलेले असताना ते पुन्हा ०.५ झाले. आणि दोन्ही औषधे एकाच गोळीत असल्यामुळे, एक कमी करायचे तर दुसरेही कमी होणार, अशी गाठ बसली.

तुटलेली मात्रा

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस कमी झाला होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत अंबड होते. एरवी कापसाच्या पैशातून गावाकडून जे काही येई ते त्या वर्षी आले नाहीच, उलट आईवडिलांसाठी इकडून पैसे पाठवावे लागले. खोलीभाडे, मुलांची फी, गॅस, हप्ता यांपैकी कशालाच हात लावता येत नव्हता. जानेवारीत बाईंनी कोणालाही न सांगता गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. नंतर त्याचे कारण विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर असे होते, "फी थांबत नसती सर. गोळी एखाद दिवस थांबती." घरात खर्च आवळायचा म्हटले की आधी घरातली बाई स्वतःचे औषध आवळते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही मी हे पाहिले आहे. चिंतेच्या औषधाबाबत ते अधिक सोपे जाते, कारण हा आजार म्हणजे खरा आजारच नव्हे असे बोलणारे लोक सभोवती असतात आणि रुग्णालाही ते अर्धेमुर्धे पटलेले असते.

ही बचत शरीर मान्य करत नाही. एस्सिटालोप्रामची रक्तातली मात्रा साधारण सव्वा दिवसात निम्मी होते, त्यामुळे ४८ तासांच्या अंतराने घेतलेल्या गोळीत पातळी सतत वरखाली होत राहते. चक्कर, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड, झोप उडणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. क्लोनाझेपाम असे तुटक घेतले तर दबलेली अस्वस्थता जोराने उसळते. बाईंना वाटले की मूळ आजारच बळावला. फेब्रुवारीत एका रात्री दहाच्या सुमारास छातीत कळ, दरदरून घाम आणि श्वास कोंडणे असा त्रास झाला आणि शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना जवळच्या खासगी रुग्णालयात नेण्यात आले. हृदयविकाराच्या शंकेने त्यांना अतिदक्षता विभागात ठेवले गेले, आलेख आणि रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा झाल्या, शिरेतून औषधे दिली गेली. हृदय ठणठणीत निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडताना डिस्चार्ज कार्डवर 'हृदयविकार नाही, पॅनिकचा झटका, औषधे अनियमित' असा शेरा होता. बिल १८,४०० रुपये झाले. कॅशलेसची विनंती टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने, मंजूर केली नाही, म्हणून बचत गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने १५,००० रुपये उचलून आणि उरलेले उसने घेऊन बिल भरले गेले.

दरमहा ४४४ रुपये परवडत नव्हते म्हणून वाचवले, त्याचे हे झाले.

दावा

मार्चमध्ये परताव्याचा दावा नाकारल्याचे पत्र आले. कारण दिले होते 'एक्सक्ल ०४' या कलमाचे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसीतील वगळण्याच्या अटींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यातील या चौथ्या अटीनुसार केवळ तपासणी आणि निदान यांसाठी दाखल झाल्याचा खर्च मिळत नाही. अट गैरवाजवी नाही. खाट घेऊन हौसेने सगळ्या तपासण्या उरकून घेणाऱ्यांना ती आवर घालते. पण चिंतेच्या रुग्णाला ती वेगळ्या पद्धतीने अडकवते. झटका हृदयविकारासारखाच दिसतो, त्यामुळे पहिल्या २४ तासांत डॉक्टर जे करतात ते बहुतांशी तपासणीच असते, आणि हृदय चांगले निघाले की कागदावर मागे तपासण्याच उरतात. हृदय खराब निघाले असते तर त्याच तपासण्या उपचार ठरल्या असत्या.

तक्रार लिहिताना यावरच भर दिला. दाखल करण्याचा निर्णय योग्य होता की नाही हे त्या क्षणीच्या लक्षणांवरून ठरते, घरी सोडतानाच्या निदानावरून नाही, असा मुद्दा मांडला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे तशा अर्थाचे प्रमाणपत्र सोबत लावले. प्रमाणपत्रात अतिदक्षता विभागात ठेवण्याचे कारण आणि शिरेतून दिलेली औषधे वेळेसह नमूद करून घेतली होती, कारण नुसते 'दाखल करणे आवश्यक होते' असे वाक्य विमा कंपन्यांकडे रोज येते. दुसरा मुद्दा कायद्याचा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजारांना ज्या तत्त्वावर विमा दिला जातो त्याच तत्त्वावर मानसिक आजारांच्या उपचारांनाही द्यायचा आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व कंपन्यांना तसे कळवले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की हे बंधन कायदा लागू झाल्या दिवसापासूनचे आहे. पॉलिसीत मानसिक आजार वगळलेले नव्हतेच, पण नकाराच्या पत्रात 'चिंतेमुळे उद्भवलेला त्रास' असे शब्द होते, म्हणून हा मुद्दा घेतला.

तक्रार एप्रिलमध्ये कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे गेली. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाण्याची तयारी ठेवली होती. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जाता येते. तशी वेळ आली नाही. मे महिन्यात कंपनीने निर्णय बदलला आणि हातमोजे, नोंदणी शुल्क अशा वैद्यकीय न मानल्या जाणाऱ्या बाबी वजा करून १४,१५० रुपये दिले.

त्याबरोबर १,३८८ रुपयांची आणखी एक रक्कम मंजूर झाली. रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांतील दोन महिन्यांच्या गोळ्या आणि एका तपासणीची ती बिले होती. ज्या पॉलिसीला बाईंच्या गोळ्या एरवी दिसत नव्हत्या, तिनेच खाटेवर दोन रात्री काढल्यानंतर त्याच गोळ्यांचे पैसे दिले. सहा पट्ट्यांचे ८८८ रुपये मिळवण्याचा याहून महाग मार्ग शोधून सापडणार नाही.

बरोबरी कशाची

कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीला आणले, हे खरे आणि मोठे काम आहे. त्याआधी पॉलिसींमध्ये मानसिक आजार सरळ वगळलेले असत. पण ही बरोबरी ज्या विम्याशी केली तो विमाच खाटेभोवती बांधलेला आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळीला ही पॉलिसी पैसे देत नाही, म्हणून चिंतेच्या रोजच्या गोळीलाही देत नाही. इथे भेदभाव झाला असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध करता येणार नाही. तरी परिणाम सारखा होत नाही. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार यांत कधी ना कधी खाट लागते आणि तेव्हा विमा उपयोगी पडतो. चिंताविकारात उपचार नीट चालले तर खाट लागतच नाही. म्हणजे हा विमा उपचार बिघडल्यावरच या रुग्णाच्या कामी येऊ शकतो. समुपदेशनाचे तर नावच नको, ते खाटेवर पडून होत नाही.

हीच गोष्ट शासकीय विमा योजनांची. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत गेले. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना तर त्याआधीपासूनच तिचा आधार होता. तीही मूलतः दाखल रुग्णासाठी आहे. गृहस्थांनी विचारले होते की स्वतंत्र पॉलिसी घ्यावी का. मी नको म्हणालो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ लावता येतो, आजार लपवला तर पुढे दावा बुडतो, आणि बाह्यरुग्ण खर्चाची जोड मिळाली तरी तिचा हप्ता आणि मर्यादा पाहता स्वतःच्याच पैशांतून स्वतःला परतावा मिळाल्यासारखे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्य झाला आणि बहुतेक औषधांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने हे गणित थोडे हलके झाले असले तरी या घरापुरते माझे मत तेच आहे.

औषध पुन्हा सुरू कसे झाले

दाव्याची कागदपत्रे जमवताना पगारपत्रके समोर आली आणि सप्टेंबरपर्यंतची वर्गणी दिसली. तेव्हा ३० जूनपर्यंतचा हक्क लक्षात आला. एप्रिल अखेरीस बाई पुन्हा ईएसआयच्या दवाखान्यात गेल्या आणि उरलेले दोन महिने औषध तिथून मिळाले. ऑक्टोबर ते एप्रिल हे महिने मात्र हक्क असून वाया गेले होते. फेब्रुवारीतली रात्रसुद्धा त्यातच येते. सप्टेंबरच्या पगारपत्रकाबरोबर 'तुमचा वैद्यकीय लाभ ३० जूनपर्यंत सुरू आहे' अशी एका ओळीची चिठ्ठी कारखान्याने दिली असती तर यातले पुष्कळ टळले असते. हे काम कोणाचे, यावर कारखान्याच्या कार्यालयाशी बोलणे झाले. तसा नियम नाही, असे उत्तर मिळाले, आणि उत्तर बरोबर आहे.

दरम्यान जुनी कागदपत्रे घेऊन त्या खासगी डॉक्टरांनाही भेटलो. आधी क्लोनाझेपाम ०.२५ वर आलेले होते हे पाहिल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता संयुक्त गोळी बंद केली, दोन्ही औषधे वेगळी आणि ब्रँडऐवजी मूळ (जेनेरिक) नावाने लिहून दिली आणि क्लोनाझेपाम टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे वेळापत्रक आखून दिले. हे रुग्णाने आपल्या मनाने करायचे काम नव्हे. क्लोनाझेपाम एकदम सोडले तर अस्वस्थता उसळतेच, क्वचित फिटही येऊ शकते. वेगळ्या चिठ्ठीचा खर्चावर झालेला परिणाम मात्र लगेच दिसला. स्वस्त जेनेरिक औषधे विकणाऱ्या सरकारी योजनेतील जनऔषधी केंद्रात दोन्ही औषधे मिळून महिन्याचा खर्च १०० रुपयांच्या आत आला. ४४४ आणि १०० यांमधला फरक कोणत्याही विम्याने दिला नाही, तो चिठ्ठी बदलल्याने मिळाला. डॉक्टरांना खर्चाविषयी आधी कोणी विचारलेच नव्हते. बाईंना ते विचारणे अपमानाचे वाटत होते, आणि गृहस्थांना गोळ्या तुटक घेतल्या जात आहेत हेच माहीत नव्हते.

जुलै २०२४ नंतरचा मार्ग सरकारी रुग्णालयाचा होता. त्याच मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १८(१०) कलम २१ पेक्षा कमी चर्चिले जाते, पण या प्रकरणात तेच कामाला आले. अधिसूचित अत्यावश्यक औषधसूचीतील औषधे मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सदैव विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे ते सांगते. त्यात शिधापत्रिकेच्या रंगाची किंवा उत्पन्नाची अट नाही. चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मिनी घाटी', सार्वजनिक आरोग्य विभागाचे असल्याने तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या निर्णयात येत नाही. बहुतेकांना दोन्हींतला हा फरक ठाऊक नसतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्यांच्या ठिकाणीही जाते, आणि कुठे कोणता दिवस आहे हे आशाताईंना विचारले तर कळते. फोनवरून बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मराठीतही चालतो.

सरकारी रुग्णालय फुकट असले तरी तिथे जाणे फुकट नसते. रांजणगावहून चिकलठाणा म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे. बसचे भाडे आणि शिलाईचा बुडालेला अर्धा दिवस धरला तर जनऔषधीच्या १०० रुपयांपेक्षा ते स्वस्त पडते असे नाही. म्हणून बाईंनी स्वतःच एक तोडगा काढला. तपासणी आणि मात्रेचा निर्णय सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून घ्यायचा, तिथे मिळेल तेवढे औषध घ्यायचे, आणि मधल्या काळात संपले तर त्याच चिठ्ठीवर घराजवळच्या जनऔषधी केंद्रातून आणायचे. पट्टीतल्या चार गोळ्या उरल्या की मुलाच्या वहीत खूण करायची, हाही नियम त्यांचाच.

२०२४ च्या अखेरीस क्लोनाझेपाम पूर्ण थांबले. एस्सिटालोप्राम सुरू आहे. बचत गटाचे कर्ज दाव्याच्या पैशातून फिटले, व्याजाचे ९०० रुपये मात्र घरचे गेले, कारण व्याजाला कोणत्याही पॉलिसीत जागा नसते. कारखान्यात पुढच्या वेतन कराराची बोलणी सुरू झाली तेव्हा गृहस्थांनी युनियनच्या यादीत एक मागणी घालायला लावली. समूह विम्यात दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांसाठी प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ६,००० रुपयांची तरतूद असावी, अशी ती होती. विमा कंपनीने त्यासाठी मागितलेला जादा हप्ता तरतुदीच्या रकमेच्या जवळ जाणारा होता. सध्या बोलणी या पर्यायावर आली आहेत की विम्याऐवजी कारखान्यानेच चिठ्ठी आणि बिल पाहून ही रक्कम थेट द्यावी. चिठ्ठीवरचा आजार कार्यालयातल्या कोणाला दिसू नये, ही अट त्यात बाईंनी नवऱ्यामार्फत घालायला लावली असून अजून तिच्यावरच घोडे अडले आहे.